फिर्यादीचं पुढे काय झालं?

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या सहा जणांना निर्दोष ठरवून सोडलं. त्याआधी दहा वर्षं, २००९ मध्ये, याच न्यायालयाने याच सहा जणांना फाशी सुनावली होती. गुन्हा जून २००३ मधला. वस्तीवर राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला, पाच जण मारले गेले, घरातल्या बायकांवर अत्याचार झाला. आरोपी म्हणून उभे केलेले सहाही जण भटक्या जमातीतले, अत्यंत गरीब. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेपही फाशीत बदलली. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून चुकीच्या पायावर दिलेल्या काही फाशींकडे लक्ष वेधलं; त्यांत हे प्रकरण होतं. अखेर सर्वोच्च न्यायालयाने आपलंच दार पुन्हा उघडलं, पुरावा नव्याने वाचला आणि सोळा वर्षांनी या माणसांना घरी पाठवलं. त्यांच्यातला एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

बातमी इथे संपली. ‘सोळा वर्षांनी न्याय’ अशा मथळ्याखाली वाचून आपण पान उलटलं. पण निकालपत्र इथे संपत नाही. त्या रात्रीतून वाचलेली एक बाई होती. घटनेनंतर दोन दिवसांतच पोलिसांनी तिला सराईत गुन्हेगारांचे फोटो दाखवले आणि तिने त्यांतून चार जण ओळखले. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचा माग काढला गेला नाही आणि ही ओळख खटल्यात बाजूला पडली. २०१९ च्या निकालात न्यायालयाने त्या चौघांबाबत पुढील तपास करायला सांगितलं, तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर खातेनिहाय कारवाईचे आदेश दिले आणि सुटलेल्या प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला लावले.

गुन्हेगारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेवर आपल्याकडे वाद झाला की दोन फळ्या पडतात. एक म्हणते, कडक शिक्षा द्या. दुसरी म्हणते, कैदीही माणूस आहे. या सहा जणांचं प्रकरण या दोन्ही फळ्यांच्या मधून निसटतं. तिथे शिक्षा सर्वांत कडक होती, तरी कुणी केलेल्या कृत्याचा जाब दिला नाही. समाज सुरक्षित झाला नाही, कारण ज्यांना त्या बाईने ओळखलं होतं त्यांच्याकडे कुणी वळलंच नाही. आणि तिच्या जखमेचं काय, हा प्रश्न तर सोळा वर्षांत कुठल्याच टप्प्यावर कामकाजाचा भाग नव्हता. जाब, सुरक्षितता आणि जखम भरून येणं या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी चुकल्या. वाचलेल्या बाईचं म्हणणं नीट ऐकलं असतं, तर तिन्ही सुधारण्याची शक्यता होती. माझ्या मते आपल्या सुधारणेची खरी कसोटी हीच आहे. कैद्याचं काय करायचं याचा विचार आपण थोडाफार केला आहे. फिर्यादीचं पुढे काय होतं, हे विचारायला मात्र आपण शिकलेलो नाही.

घाईचा राग या गोष्टीला मदत करत नाही, हेही आपण पाहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराची बातमी फुटली आणि लोक रेल्वेरुळांवर उतरले. राग समजण्यासारखा होता. तक्रार घ्यायलाच उशीर झाला होता. महिन्याभरात आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्या गोळीने मेला. काही ठिकाणी पेढे वाटले गेले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत त्या मृत्यूची जबाबदारी पोलिसांवर आली. पण त्याहून एक साधी गोष्ट कुणी फारशी बोललं नाही: मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. काय घडलं, कुणी दुर्लक्ष केलं, कुणी दाबलं, हे उलटतपासणीतून बाहेर काढण्याचा मुख्य रस्ता त्या गोळीने बंद केला. २०१९ च्या हैदराबाद चकमकीची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष आपल्या नागपूरकडचेच, न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. त्या आयोगाने मारले गेलेल्या चार आरोपींवर जाणूनबुजून गोळ्या झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष काढून दहा पोलिसांवर खटल्याची शिफारस केली होती. आरोपीला ठार मारणं आणि आरोपीकडून जाब घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली घडली की दुसरी कायमची हातची जाते.

आता दुसऱ्या टोकाकडे, कैद्यावर विश्वास ठेवण्याकडे, जाऊ. ते टोक महाराष्ट्रातच आहे, सांगली जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागात. आटपाडी म्हटलं की माणदेश, मेंढरं, डाळिंबं आणि टेंभू योजनेच्या पाण्याची वाट बघण्यात गेलेल्या पिढ्या आठवतात. पूर्वी हा तालुका औंध संस्थानात होता. संस्थान लहान आणि तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं; पण किर्लोस्करवाडी याच संस्थानात उभी राहिली आणि पंडित सातवळेकरांनाही इथेच आसरा मिळाला. राजे भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक. १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यघटना करून सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्या कामात राजपुत्र अप्पासाहेब पंतांच्या जोडीला एक परका माणूस होता: मॉरिस फ्रीडमन. वॉर्सात वाढलेला पोलिश ज्यू इंजिनीअर, बंगळुरात म्हैसूर सरकारचा विजेच्या सामानाचा कारखाना चालवणारा आणि पुढे भारतानंद नाव घेऊन भगवी वस्त्रं नेसणारा. मुंबईत खेतवाडीत विडीचं दुकान असलेल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं ‘आय ॲम दॅट’ म्हणून इंग्रजीत नेली, ती यानेच.

फ्रीडमनने राजांकडे कैदी मागितले. हातकडी आणि भिंत नको; जमीन, घर, काम द्यायचं आणि कैद्याची बायकापोरंही सोबत राहू द्यायची. राजांनी मान्य केलं आणि आटपाडीजवळ १९३९ मध्ये ‘स्वतंत्रपूर’ वसलं. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, राजे गेले, फ्रीडमन गेला. वसाहत मात्र कारागृह विभागाकडे आली आणि आजही ती खुली वसाहत म्हणून चालू आहे. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारा माणूस तिथे पहाटे उठून शेतावर जातो आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी जेवतो. पळून जायला अडथळा असा काहीच नाही, आणि बहुतेक जण पळत नाहीत.

या वसाहतीच्या कथेवर ग. दि. माडगूळकरांनी पटकथा लिहिली. गदिमा त्याच मातीतले, माडगूळ आटपाडी तालुक्यातच आहे. व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, बर्लिनमध्ये रौप्य अस्वल मिळालं, आणि सहा खुन्यांना घेऊन माळरान पिकवणारा जेलर घराघरात पोचला. चित्रपट मोठाच आहे. पण आज तो पाहताना एक गोष्ट खटकते: त्याची सगळी नजर जेलर आणि कैदी यांच्यावर आहे. ज्यांचं माणूस गेलं, ते लोक त्या माळरानावर कधी येत नाहीत. आणि हे एकट्या चित्रपटाचं नाही. स्वतंत्रपूरपासून येरवड्याच्या आणि पैठणच्या खुल्या कारागृहापर्यंत आपली सगळी उदारता अशीच एका अंगाने वाढली.

म्हणून ती चुकीची ठरते का? नाही. खुल्या कारागृहात कैद्याची निवड होते. आधी बंद कारागृहात ठरावीक शिक्षा भोगलेली असावी लागते, वर्तन चांगलं असावं लागतं, समिती नाव तपासते. तिथे माफी जास्त मिळते, म्हणजे मुदत लवकर संपते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सुटण्याआधीच माणसाला बाहेर राहण्याची सवय होते. पंधरा वर्षं बराकीत काढून एके सकाळी पिशवी घेऊन दरवाजाबाहेर आलेला माणूस आणि दोन वर्षं शेतात राबून, पोरांची शाळा बघून बाहेर पडलेला माणूस, यांपैकी आपल्या गल्लीत कोण यावं असं वाटतं? हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, दयेचा नाही. राजस्थानातल्या सांगानेरच्या खुल्या शिबिरात कैदी कुटुंबासह राहतात आणि दिवसा बाहेर जाऊन स्वतः कमावतात. साठच्या दशकापासून हे चालू आहे आणि जयपूर शहर त्याने बिघडलेलं नाही.

तरीही स्वतंत्रपूरला पाहुणे नेऊन अभिमानाने दाखवणारं राज्य भिंतीआड काय ठेवतं, तेही बोललं पाहिजे. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची क्षमता हजाराच्या आतबाहेर, आणि तिथे वर्षानुवर्षं तीन हजारांवर माणसं कोंबलेली. यातले बहुतेक कच्चे कैदी. देशाचा आकडा असा: ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी. सगळ्या तुरुंगांची मिळून क्षमता ४,३६,२६६. म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही, अशांनीच जवळपास सगळी जागा भरली. शिक्षा झालेले लोक वरचे. सुधारणेच्या नावाने नवीन बराकी बांधायला निघालेल्यांनी हे दोन आकडे एकाखाली एक लिहून बघावेत.

कच्चा कैदी का अडकतो, हे कोर्टात तास-दोन तास बसलं तरी कळतं. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. जामीनदाराकडे रेशनकार्ड, पगाराची पावती किंवा तहसीलकडचा सॉल्व्हन्सीचा दाखला हवा. पालावर राहणाऱ्याने, बिगारी काम करणाऱ्याने तो कुठून आणायचा? ‘तारीख’ पडते, पोलीस पार्टी मिळत नाही म्हणून कैदी कोर्टात येत नाही, पुढची तारीख पडते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदतीनंतर जामिनाची वाट करून दिली, आणि अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली. चांगली गोष्ट. पण त्याच कलमात एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असणाऱ्याला वगळलंही आहे. आपल्याकडे एकदा नाव लागलेल्या भटक्या-विमुक्ताच्या पोरावर प्रत्येक चोरीत नाव टाकायची पद्धत किती जुनी आहे, हे पोलीस ठाण्याचा दरवाजा ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. १८७१ मध्ये आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला. तो लिहिणारा हात अजून कामावर आहे, असं वाटावं.

इथे वाचक विचारील: आरोपीचा जामीन आणि पीडिताचं दुःख यांचा संबंध काय? संबंध वेळेचा आहे. खटला दहा वर्षं रखडतो तेव्हा आरोपी आत सडतो आणि फिर्यादी बाहेर. साक्षीला बोलावलं की मजुरी बुडवून जायचं, आरोपीचे नातेवाईक एसटी स्टँडवरच गाठतात, सरकारी वकील आयत्या वेळी कागद उलगडतो. कोर्टाच्या आवारात फिर्यादीला बसायला बाकही नसतं. या सगळ्यात त्याचं स्थान साक्षीदाराचं. गुन्हा राज्याविरुद्ध, खटला राज्य विरुद्ध आरोपी.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा एक निकाल मला फार बोलका वाटतो. तेही महाराष्ट्रातलंच प्रकरण. रात्री शेताकडे निघालेलं नवरा-बायको. वाटेत आरोपीचा कुत्रा भुंकला, नवऱ्याने त्याला हातातल्या लोखंडी पाइपने मारलं, त्यावरून भांडण पेटलं, तोच पाइप त्याच्या डोक्यात बसला आणि तो मेला. न्यायालयाने हा खून नसून सदोष मनुष्यवध ठरवला आणि शिक्षा कमी केली. मग निकालाच्या उत्तरार्धात न्यायमूर्ती वेगळ्याच विषयावर गेले: मृताच्या कुटुंबाला भरपाई द्यावी का, याचा विचार खालच्या कुठल्याच न्यायालयाने केलेला नाही. कायद्याने अधिकार दिलेला आहे, पण तो विसरलेला. यापुढे प्रत्येक फौजदारी खटल्यात न्यायालयाने या प्रश्नाचा विचार केलाच पाहिजे आणि कारणं नोंदवली पाहिजेत, असं सांगून त्यांनी निकालाची प्रत देशभरच्या उच्च न्यायालयांना पाठवायला लावली. त्या विधवेला मात्र त्या निकालाने काही मिळालं नाही; फार काळ लोटला म्हणून तिच्या बाबतीत तो मुद्दा उघडला गेला नाही.

त्यानंतर कागदावर बरंच झालं. लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ल्यातल्या पीडितांसाठी महाराष्ट्राने २०१३ मध्ये ‘मनोधैर्य’ योजना आणली, पैशांसोबत समुपदेशनाची सोय ठेवली, पुढे मदतीची कमाल मर्यादा दहा लाखांपर्यंत नेली. आरोपीच्या सुटकेविरुद्ध अपील करण्याचा हक्क पीडिताला कायद्याने आधीच मिळालेला होता; जामिनाच्या वेळी त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तरी व्यवहारात फिर्यादीची आठवण यंत्रणेला हमखास होते ती एकाच वेळी: कैद्याने संचित रजा किंवा अभिवचन रजा मागितली की. तेव्हा पोलीस अहवाल येतो, ‘फिर्यादीच्या जिवाला धोका आहे, सबब रजा देऊ नये.’ कित्येकदा त्या अहवालामागे फिर्यादीशी झालेलं बोलणं नसतंच. नाव तिचं वापरायचं, विचारायचं मात्र नाही. खरोखर विचारलं असतं तर एखादी म्हणाली असती की येऊ दे, पण आमच्या गल्लीतून जायचं नाही. एखादी म्हणाली असती, अजिबात नको. आणि एखादीने एवढंच विचारलं असतं की त्या रात्री माझा मुलगा शेवटचं काय बोलला, ते याला सांगायला लावा. या तिन्ही उत्तरांना ठेवायला आपल्या नियमांत खण नाही.

मग कैदी आणि फिर्यादी यांना समोरासमोर बसवावं का? ‘गावात मिटवून टाकू’ हे वाक्य ज्यांनी ऐकलं आहे, ते या कल्पनेने आधी दचकतील, आणि दचकणं योग्य आहे. सांगलीचेच आर. आर. आबा गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाची, पाण्याची, भाऊबंदकीची हजारो भांडणं समित्यांनी मिटवली, हे खरं आहे; तारखांना वाहिलेला पैसा वाचला. पण गाव तंटामुक्त झालं की बक्षीस, आणि ते लाखांत. अशा वेळी मार खाणारी सून तक्रार मागे घेईल की नाही, याकडे सगळ्या गावाचं लक्ष लागतं. जातपंचायतींनी तर ‘न्यायाच्या’ नावाखाली कुटुंबं वाळीत टाकली. शेवटी महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्याला दुखापत झाली त्याने मागितलेली भेट आणि गावाने लादलेली तडजोड यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. भेट घडवायची तर ती खटल्याऐवजी नव्हे. निकालानंतर, पीडिताने मागितली तरच, आणि शिक्षेच्या मुदतीशी तिचा काही संबंध न ठेवता. कैद्याला माफी मिळावी म्हणून केलेला पश्चात्ताप कुणाच्याच कामाचा नाही.

याच मुद्द्यावर चंबळची आठवण येते. १९६० मध्ये विनोबांपुढे वीसेक डाकूंनी शस्त्रं ठेवली, १९७२ मध्ये जयप्रकाशांपुढे शेकड्यांनी. देश भारावला. मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख के. एफ. रुस्तमजी मात्र विनोबांच्या पद्धतीवर उघड टीका करत राहिले. त्यांचा प्रश्न असा: डाकूंना नायक केलं जातंय आणि ज्यांनी त्यांच्याविरुद्ध साक्षी दिल्या, मार खाल्ला, त्यांचं काय? मी विनोबांचा भक्त नसलो तरी त्यांच्या धैर्यापुढे नमतो. पण या वादात मला रुस्तमजींचा प्रश्न अधिक टिकाऊ वाटतो.

आशा वाटावी असं काही आहे, ते आकाराने लहान आणि दिसायला कोरडं आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांत आणि ठाण्यांत काम करतो: कच्च्या कैद्याचा जामीनदार शोधणं, घरी कळवणं, सुटल्यावर काम बघून देणं. राज्यातल्या काही कारागृहांत ‘गळाभेट’ असते, जाळी-काचेशिवाय बापाला मुलांना जवळ घेता येतं. १ मे २०२२ पासून येरवड्यात राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना आली: लांब मुदतीच्या कैद्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज, व्याज सात टक्के, फेड तुरुंगातल्या मजुरीतून. मुलीचं लग्न, आईचं ऑपरेशन, वकिलाची फी यांसाठी ते वापरायचं. योजना वाचून मी थबकलो. तुरुंगातला माणूस हप्ता फेडू शकतो, बँकेला तो पत असलेला वाटतो, तर त्याच्या मजुरीतला एक वाटा त्याने ज्यांचं नुकसान केलं त्यांच्याकडेही जाऊ शकतो. ही कल्पना नवीन नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सांगितलं होतं की कैद्याला रास्त मजुरी द्या आणि तिच्यातला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढण्याचा कायदा करा. मजुरी आधी रास्त हवी, हा त्यातला कळीचा भाग. दिवसाच्या मोजक्या रुपयांतून कुणाचीच भरपाई होत नाही. महाराष्ट्राने बाकी सगळं जमवलं आहे: खुली शेती, हिशेब ठेवणारी बँक, जिल्ह्याजिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण. या तिन्हींना जोडणारा एक शासन निर्णय निघाला पाहिजे.

तो निघेल तेव्हा निघेल. तोवर एक विनंती. तुमच्या घरात, वाड्यात, कामावर कुणी फिर्यादी असेल, तर त्यांना दोन गोष्टी सांगा. नव्या संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नसेल तर ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि भरपाईसाठी निकालाची वाट पाहायची गरज नाही. आरोपी सापडला नसेल, खटला उभाच राहिला नसेल, तरीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं आणि अर्जाला वकील लावावा लागत नाही.